मधल्या कांडीवरचा बाण

३ फेब्रुवारी, सोमवार

भिंगनं आज घात केला!

प्रयोगशाळेतल्या या पोरीला मी पहिल्या महिन्यापासूनच भिंग म्हणते. कोणाला दिसत नाही ते नेमकं तिलाच दिसतं. दुपारी आली, दार लोटून घेतलं, बसली मात्र नाही. "मॅडम, एक विचारू? चिडू नका." असं कोणी म्हटलं की मी आधी चिडते.

नव्या यंत्राखाली तिनं माझी ३१७ नंबरची बर्फाची कांडी घातली होती. आत ज्वालामुखीच्या राखेची बारीक रेघ आहे. राख बर्फावर पडते तेव्हा तिची खालची कड सुरीनं कापल्यासारखी असते आणि वरची हळूहळू विरत जाते. हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. ३१७ मध्ये कापलेली कड वर आहे.

"म्हणजे मॅडम... कांडी उलटी असावी."

मी म्हटलं, तुझं यंत्र उलटं असेल. ती दार हळूच ओढून घेऊन गेली. त्या हळूच ओढण्याचाच मला जास्त राग आला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डोकं ठिकाणावर आणायला सगळं सरळ लिहून काढते.

ध्रुवावरच्या बर्फात ड्रिल खाली सोडायचं. वर येतो तो बर्फाचा लांब दांडा. तो करवतीनं कापून मीटर-मीटरच्या कांड्या करायच्या. खालचा बर्फ जुना, वरचा नवा. म्हणून प्रत्येक कांडीवर मार्करनं बाण काढायचा, टोक आभाळाकडे. बाण चुकला तर त्या कांडीतला काळ उलटा वाहतो.

माझं नाव, खुर्ची, सगळं एकाच शोधावर उभं आहे. हजारो वर्षांपूर्वी हवा एकदम तापली, मग हळूहळू थंडावली, मग पुन्हा एकदम तापली. दुहेरी उडी! पाठीमागे मला उडीबाई म्हणतात, ठाऊक आहे मला. आवडतंही.

ती मधली थंडावणारी उतरण म्हणजे अख्खी ३१७. पेन्सिल घेऊन कागदावर ती उलटी काढून पाहिली. खालून वर एक साधा, सरळ चढ. दोन्ही उड्या गायब!

चहाचा कप तसाच राहिला. साय धरली त्यावर.

५ फेब्रुवारी, बुधवार

भिंगशी बोलले नाही. तीही नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटी शीतघरात गेले. प्रत्येक कांडी उभी चिरून तिचा अर्धा भाग आम्ही न वापरता जपून ठेवतो, कोणी शंका घेतली तर दाखवायला. तीस वर्षांत त्या डब्याला मी हात लावला नव्हता. आपल्यावर कोण शंका घेणार, हा माज.

३१७ काढून दिव्याच्या काचेवर ठेवली. उणे पंचवीस अंशांत कपाळाला घाम फुटू शकतो, हे आज कळलं. राखेची रेघ लख्ख दिसत होती. कापलेली कड बाणाच्या टोकाकडे. भिंगचं यंत्र ठीक आहे. उलटी मीच आहे.

३१६ आणि ३१८ बरोबर आहेत. त्यांचं एकेक टोक ओबडधोबड तुटलेलं, शेजारच्या कांडीत चपखल बसतं, तिथे चूक होऊच शकत नाही. मधली दोन्हीकडून करवतीनं कापलेली, गुळगुळीत. तिचं वर-खाली सांगायला बाणाशिवाय काही नाही. आणि बाण मीच काढायचे. सगळे! ध्रुवावरच्या त्या छावणीत दुसऱ्या कोणाला मी मार्करला हात लावू देत नव्हते.

तिथल्याच खोक्यावर बसून राहिले, तेव्हा रखवालदार काका दारातून ओरडले, "बाई, गोठून जाल! या बाहेर!"

९ फेब्रुवारी, रविवार

आज सारखा लंबू आठवतोय, दुसऱ्या संस्थेतला तो तरुण संशोधक. एकोणीस वर्षांपूर्वी भर परिषदेत तो उठला, सहा फुटांचा, खांदे पाडून उभा. "मॅडम, आमच्या बर्फात तुमची दुहेरी उडी सापडत नाही. एखादी कांडी उलटी तर नाही ना ठेवलीत?"

मी म्हटलं, "कांडी सरळ आहे. तुमची नजर तेवढी तपासून घ्या." सभागृह खो खो हसलं. मीही हसले. त्यानंतर त्याचा प्रत्येक लेख छापण्याआधी तपासायला माझ्याकडेच आला, त्यावर मीच शेरे मारले, आणि ते शेरे कसे होते ते मला माहीत आहे. त्याला पुढे कुठेच जागा मिळाली नाही. आता कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवतो.

त्याचं बरोबर होतं. एकोणीस वर्षं त्याचं बरोबर होतं!

१० फेब्रुवारी, सोमवार

शाळेत फोन लावला. त्यानंच उचलला. मागे मुलांचा गोंगाट. "हॅलो? कोण बोलतंय?" आवाज तसाच, सावकाश. मी फोन ठेवून दिला. थू माझ्यावर.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भिंग आली. डोळे सुजलेले. तिची नेमणूक मार्चमध्ये संपते, पुढची माझ्या शिफारशीवर. "मॅडम, तुमचा निरोप समारंभ एकवीसला आहे. तुम्ही म्हणाल तर मी हे बाजूला ठेवते. कायमचं."

हो म्हणायला तोंड उघडलं होतं मी! खरंच उघडलं होतं. एक हो, की सगळं जागच्या जागी. हार, भाषणं, उडीबाईंचा जयजयकार. आणि ही पोरगी आयुष्यभर माझं खोटं पदरात बांधून फिरणार.

"विचार करते," म्हटलं. काय विचार करते? जग तापतंय हे काही माझ्या कांडीवर अवलंबून नाही, ते शंभर जणांनी शंभर ठिकाणी मोजलंय. पण माझी एक चूक हातात धरून लोक नाचतील, सगळंच थोतांड म्हणतील. मग गप्प बसणं हेच शहाणपण नाही का? असं स्वतःला पटवते, आणि पाच मिनिटांनी स्वतःचीच किळस येते.

घरी काही सांगितलेलं नाही. नवरा विचारतो, "काय गं, चेहरा का उतरलाय?" मी म्हणते, दाढ दुखतेय. चार दिवस मऊ भात करून घालतोय बिचारा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

ऑफिसातली पुस्तकं घरी आणायची म्हणून ड्रिलोबानं दुकानातून फ्रिजचे रिकामे खोके आणले. ड्रिलोबा म्हणजे नवराच. छावणीत ड्रिल हाच चालवायचा, तिथेच जमलं आमचं. माझा शोध गाजला त्याच वर्षी यानं बर्फ सोडला आणि फ्रिजदुरुस्तीचं दुकान टाकलं. "बर्फच तो, इथे घरबसल्या मिळतो," म्हणायचा. मी हसायचे.

पुस्तकं भरली, पट्टी लावली, मार्करनं खोक्यावर बाण काढला. टोक खाली! शेपटाला छोटी आडवी रेघ.

"अरे, बाण उलटा काढलास. वरची बाजू इकडे आहे."

"आम्हा ड्रिलवाल्यांचा बाण ड्रिल जातं तिकडे," म्हणाला. "जन्माची खोड, जाते थोडीच!"

मी खोक्याकडे बघत राहिले. ती आडवी रेघ. ३१७ वरच्या बाणालाही आहे. मी कधीच तशी काढत नाही.

आणि मग आठवलं. छावणीत ३१७ कापली त्या दिवशी माझी बोटं थंडीनं सुन्न पडली होती. ३१६ झाली, ३१८ झाली, मधली राहिली. यानं माझ्या हातातून मार्कर काढून घेतला. "दे इकडे. बोटं तुटतील तुझी." माझे दोन्ही हात त्यानं स्वतःच्या कोटात घातले आणि एका हातानं बाण काढला. आमच्या प्रेमाची गोष्ट म्हणून किती जणांना मी सांगितलीय ही! कोटापर्यंतच सांगायचे. मार्करचं विसरूनच गेले होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

याला कळता कामा नये. मी मेले तरी कळता कामा नये. याच्या एका बाणानं माझं आयुष्य वाकडं झालं, हे कळलं तर हा उभा मोडेल.

१७ फेब्रुवारी, सोमवार

ठरलं. एकवीस तारखेला सगळं सांगायचं. सगळ्यांसमोर, स्वतःच्या तोंडानं. शोध चुकला, भिंगनं शोधून काढलं, लंबूचं बरोबर होतं. तिची शिफारस आजच पाठवली. लंबूला पत्र लिहिलं. सात कागद फाडले, आठव्यावर तीनच ओळी उरल्या. टाकलं पोस्टाच्या पेटीत.

फक्त बाण मी काढला असं सांगणार. तेवढं एक खोटं माझं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भाषण लिहून झालं. हॉल तोच आहे, जिथे मी तो शोध पहिल्यांदा मांडला होता. त्या दिवशी पडद्यावर ३१७ चा फोटो आला आणि पाठीमागच्या रांगेतून ड्रिलोबा उठून गेला. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी साहेब चहाला! तीस वर्षं चिडवतेय त्याला त्यावरून. कधी उत्तर देत नाही. कान लाल होतात नुसते.

२० फेब्रुवारी, गुरुवार

संध्याकाळी म्हणाला, "वाच ना भाषण, मला तरी ऐकव." वाचलं. "तो बाण मी काढला" इथे पोचले, तेव्हा त्यानं माझ्या हातातला कागद हळूच काढून घेतला. अगदी तसाच, मार्कर घेतला होता तसा.

"ही ओळ काढ," म्हणाला. "त्या दिवशी मी चहाला गेलो नव्हतो."