आरशाला टॉवेल

५ जानेवारी

लागलं एकदाचं गाडीत मशीन! काचेखाली, शेठनी बसवलेल्या गणपतीच्या शेजारी. साबणाच्या वडीएवढं. आत एक बाई बसलीय, हिंदीत बोलते — कृपया विश्राम करें! शेठच्या दुसऱ्या गाडीवरचा गोरख म्हणाला, "माझी बायको आजवर एकदाबी विश्राम करा म्हणली न्हाई. ही बरीय!"

मंचरला मार्केटबाहेरच्या टपरीवर दुपारभर हेच. कागद का मशीन. सगळे ड्रायव्हर दोन बाजूला. चहावाला म्हणाला, मतपेटी आणू का?

सोपान वस्ताद कागदाच्या बाजूचे. मला स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं म्हणून मी वस्ताद म्हणतो, बाकीचे सोपानभाऊ म्हणतात. ट्रिप संपली की ते बॉनेटवर लॉगबुक ठेवून सगळं एका बैठकीत भरतात, एकाच पेनानं. चालवली आठ तास, झोप आठ तास. मी पण तसंच भरत होतो. कागदावर आम्ही सगळे लई झोपतो!

आज शेठसमोर बोलून बसलो. म्हणलं, मागच्या महिन्यात चंदनापुरी घाटात माझा डोळा लागला, गाडी कठड्याला घासत गेली. आणि लॉगबुकात त्या वेळी मी संगमनेरला ढाब्यावर झोपलेलो! मशीन असतं तर मला खरंच झोपू द्यावं लागलं असतं.

भिमाजीशेठ खूश. "बघा, शिकलेलं पोरगं काय म्हणतंय." अकरावी नापास मी!

वस्ताद म्हणाले, "धम्मा, मला झोप कवा लागती ते मला ठाव. त्या साबणाच्या वडीला काय ठाव?"

"वस्ताद, तुम्हाला ठाव असतं, पण तुम्ही झोपता कुठं?"

सगळे हसले. ते पण हसले म्हणून बरं वाटलं. नाहीतर लागून राहिलं असतं.

७ जानेवारी

नियम असा — आठ तास चालवली की बाई बोंबलते. मग विश्रांतीचं बटण दाबायचं आणि सहा तास पडायचं. शेठच्या मोबाईलवर हिरवी पट्टी सरकत राहते. मध्येच चावी फिरली किंवा दार उघडलं की विश्रांती मोडली. परत शून्यापासून!

"आन मुतायला?" — गोरख. शेठ म्हणाले, कंपनीला विचारतो. तोवर बाटली.

काल आळेफाट्यावर पडलो होतो. चार तास झाले होते. कुणीतरी दार बडवलं, मी झोपेतच उघडलं. म्हणतो, "पावणं, जॅक हाय का?" गेले चार तास! रडायचा बाकी राहिलो. टोमॅटो मऊ पडला तो वेगळाच.

८ जानेवारी

आयडिया! विश्रांतीला पडलं की बाहेरच्या आरशाला टॉवेल बांधायचा. टॉवेल दिसला की दार बडवायचं नाही, हॉर्न नाही, हाक नाही. ग्रुपवर टाकलं. शेठचे सगळे ड्रायव्हर हो म्हणाले. गोरखनं लुंगीचा फोटो टाकला — टॉवेल नसला तर चालंल का?

वस्ताद मोबाईलवर वाचत नाहीत. फोन करून सांगितलं. "बरं बाबा, बांधतो. तुजं राज्य आलंय."

११ जानेवारी

ओझरजवळ उसात बिबट्याची मादी बघितली, दोन पिल्लं. गाडी बाजूला घेतली आणि अर्धा तास बघत बसलो. मशीननं शेठला कळवलं — विनाकारण थांबा. शेठला सांगितलं, बिबट्या होता. म्हणाले, "तिला लिफ्ट द्यायची व्हती?"

यावर वेगळं पान लिहायचंय. पिल्लं मांजरासारखी चालतात, पण मांजरासारखी घाबरत नाहीत. नंतर लिहीन.

१४ जानेवारी, संक्रांत

कल्याणहून रिकामी गाडी घेऊन वर आलो. माळशेजच्या बोगद्यापाशी एका माकडानं बिस्किटाचा पुडा नेला, त्याच्या मागं कुठवर पळालो ते लिहायची सोय नाही.

मढच्या अलीकडं, धरणाच्या कडेला वस्तादांची गाडी. सोलापूरचा कांदा भरलेला, तोंड घाटाकडं. आणि आरशाला लाल टॉवेल! मशीन जिंकलं! माल भरलेला असताना, दिवसाढवळ्या वस्ताद झोपलेत, असं मी कधी बघितलेलं नाही. पडदा ओढलेला.

गाडी लांब लावली आणि चालत गेलो. काल वस्तादांच्या बायकोनं, साळुकाकींनी, तिळगूळ दिला होता — "भेटले वाटंत तर दे रं, सणाला बी घरी न्हाईत." उठवायचं नव्हतंच. पुडी टॉवेलच्या टोकाला बांधली. उठल्यावर दिसेल.

तिथं उभा होतो तर आवाज यायला लागला. टक टक टक. केबिनच्या मागून. वारा लई सुटलेला, म्हणजे ताडपत्रीचा हूक. हा हूक फळीवर आपटायला लागला की झोपेचं खोबरं. शोधला. एक ढिला होता, आवळला. परत टक टक टक. मग दुसरा आवळला, बंद झाला. वस्ताद, झोपा निवांत!

मग पाण्याच्या कडेला बगळे बघत बसलो थोडा वेळ.

१५ जानेवारी

सकाळी शेठचा फोन. "तुझा वस्ताद कुंभकर्ण झाला का? विश्रांती कालच संपली. गाडी हलंना, फोन उचलंना. जा, बघ."

गेलो. टॉवेल तसाच. पुडीला मुंग्या.

दार मी उघडलं.

१६ जानेवारी

काल पुढचं लिहिता येईना.

मागच्या बर्थवर होते. उजवी बाजू गेलेली, तोंड वाकडं. डोळे उघडे! श्वास होता. फोन खाली पायाशी पडलेला. आधी नारायणगावला नेलं, तिथून पुण्याला. मेंदूत रक्ताची गाठ अडकली म्हणाले.

डॉक्टरांनी पहिलं विचारलं — कधी झालं? काही तासांच्या आत एक इंजेक्शन देता येतं. कधीपासून असे आहेत? सांगा लवकर.

कोण सांगणार? शेठनी मोबाईल पुढं केला. हिरवी पट्टी. १४ च्या सकाळपासून सगळी हिरवी. बाई तर विश्रांतीच म्हणत होती. डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि मोबाईल परत दिला. इंजेक्शन दिलं नाही.

१७ जानेवारी

टपरीवर गेलो. जायला नको होतं.

गोरख पण तिथून गेला होता, १४ ला संध्याकाळी. टॉवेल बघून हळू केली गाडी, हॉर्न वाजवला नाही. माझ्यासमोर सांगताना रडला. मग एकदम उठला — "ती पुडी कुणी बांधली?"

मी म्हणलं, मी.

"म्हंजी तू दारापाशी व्हतास?"

व्हतो.

"कागद असता तर मी दार बडवलं असतं, धम्मा. शिव्या खाल्ल्या असत्या त्यांच्या. आवो सोपानभाऊ, चा पिऊ चला, म्हणलं असतं. आपण कवा कुणाला असं झोपू दिलंय का?"

कुणीतरी म्हणालं, कागद असता तर सोपानभाऊ थांबलेच नसते, घाटात खालीच गेले असते. कुणी म्हणालं, मशीननं तरी गाडी सापडली. परत दोन बाजू. मला दोन्हीकडं उभं राहता येईना. गोरखनं त्याच्या गाडीतलं मशीन वायरीसकट उपटलं आणि चहाच्या खरकट्या बादलीत टाकलं. बाई बादलीतून पण एकदा बोलली. कुणी हसलं नाही.

१८ जानेवारी

एकच गोष्ट. मी गेलो तेव्हा ते नुसते झोपलेले असतील. नंतर झालं असेल. संध्याकाळी. नाहीतर पहाटे. असं असू शकतं. डॉक्टरला विचारलं, तो म्हणाला, असू शकतं, सांगता येत नाही. असू शकतं म्हणाला! दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच म्हणाला.

नंतर झालं असू दे. बाकी काही मागत नाही.

१९ जानेवारी

शेठच्या मोबाईलवर १४ तारीख परत उघडून बघितली. पट्टी मोठी करून बघितली. हिरवी. जिवंत माणसाची, झोपलेल्याची आणि पडलेल्याची एकच हिरवी.

२० जानेवारी

पळून जायचं ठरवलं. गोव्याला मागं हॉटेलात होतोच, तिथं घेतील. नाहीतर सुरत. नारायणगावला नाशिकच्या एसटीत बसलो — गोव्याला जायचं आणि नाशिकच्या गाडीत! खिडकीतून शिवनेरी दिसत होता. लहानपणी शाळेतून नेलं होतं, तेव्हा पण मी रांग सोडून पाण्याच्या टाक्या बघत हरवलो होतो. गुरुजी हाका मारत होते आणि मला ऐकू येत होतं, पण मी ओ दिली नाही. का दिली नाही कुणास ठाऊक.

आळेफाट्याला उतरलो. परत.

२२ जानेवारी

साळुकाकींचा फोन. शुद्ध आलीय! बोलता येत नाही, पण माणसं ओळखतात. "ये रं, तुजी वाट बघत असतील." काकींना कुणी सांगितलं नसेल का? की सांगितलंय आणि तरी ये म्हणतात?

उद्या जातो. विचारणार. बोलता येत नसलं तरी मान हलवता येईल. वस्ताद, मी आलो तेव्हा तुम्ही झोपला होता ना? एवढंच. हो म्हणून मान हलवली की झालं.

२३ जानेवारी

गेलो. काही विचारायला झालंच नाही. वस्तादांनी माझ्याकडं बघितलं, आणि डावा हात उचलून खाटेच्या दांडीवर मारला. टक टक टक. थांबले. बघत राहिले. परत टक टक टक. मी पाणी पुढं केलं. काकी म्हणाल्या, "पानी नगं त्यास्नी. जाग आल्यापास्नं हेच करत्यात. कुनालाच कळंना."

हूक नव्हता तो.