काठोकाठ प्याला

२२ सप्टेंबर

ठरलं. मशिदीच्या अंगणात, दुपारच्या नमाजानंतर. कंपनीच्या माणसाला गावात काही मिळणार नाही — नान नाही, मटण नाही, पेट्रोल नाही, अंथरूण नाही. दुकानदार तोख्तासिन अका सगळ्यात जास्त बोलले. 'अक्रोड आपले, दुकान आपलं. मग गिऱ्हाईक कोण, तेही आपणच ठरवू.' सगळ्यांनी तोंडावरून हात फिरवले, म्हणजे शिक्कामोर्तब झालं.

ओश शहरातल्या लाकूड कंपनीला वरच्या जंगलाचा ठेका मिळालाय. म्हाताऱ्या अक्रोडांच्या बुंध्यावर ज्या गाठी येतात त्या त्यांना हव्यात. परदेशात त्यांची कपाटं करतात म्हणे. झाडं बघायला त्यांनी एक तज्ज्ञ पाठवलाय. तुर्क आहे, नेजदेत बे. लाल रंगाचा डबा घेऊन जंगलात फिरणार, खुणा करणार. मग करवती येणार. आमच्या आजोबांच्या आजोबांनी ज्या झाडांचे अक्रोड वेचले ती झाडं.

शेवटी सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. गावात चहाखाना एकच, तो माझा. मी म्हणालो, बघतो.

'बघतो काय, मास्तर? वर्गात पोरांना असंच उत्तर द्यायचात का?'

हसले सगळे. शाळा सोडून आठ वर्षं झाली, अजून मास्तरच.

२३ सप्टेंबर

झोप नीट लागली नाही. कंपनीला विरोध करायचा यात मला शंका नाही. पण चहा मागायला कंपनी येत नाही. माणूस येतो, धुळीने भरलेला, दोन पायांवर.

दुकान माझं म्हणून कुणालाही नाही म्हणायचा मला हक्क आहे का? बूटवाल्याने नाही म्हटलं तर माणूस दुसरीकडे बूट घेईल. इथून पुढच्या चहाखान्यापर्यंत अर्ध्या दिवसाचा रस्ता आहे.

आणि मला ओश आठवतं. दंगलींच्या त्या वाईट उन्हाळ्यानंतर एका नानवाल्याने माझी टोपी पाहिली, मी त्यांच्यातला नाही हे ओळखलं आणि म्हणाला, 'संपले.' तंदुरात नान फुगत होते. मला दिसत होते. त्यालाही ठाऊक होतं की मला दिसतायत. त्या दिवशी मी पाव किलो जर्दाळू खाऊन गाडीत बसलो.

त्याने मला नाकारलं ते मी कोण आहे म्हणून. आम्ही याला नाकारतोय ते तो काय करतो म्हणून. फरक आहे. मोठा फरक आहे. — पण तो भुकेल्या पोटाला कळतो का?

२४ सप्टेंबर

बायको, मुहाय्यो, पीठ मळत होती. तिला सगळं सांगितलं. मान वर न करता म्हणाली, 'मग भर की त्याचा प्याला.'

एवढं सोपं! आमच्याकडे मानाच्या पाहुण्याला तळाशी घोटभर चहा ओततात, म्हणजे प्याला पुन्हा पुन्हा यजमानाच्या हाताकडे परत येतो, गप्पा लांबतात. काठोकाठ भरला तर अर्थ एकच — पी आणि ऊठ. चहा नाकारला असंही नाही, बस म्हटलं असंही नाही. पाप नाही आणि अपमान पुरेपूर.

तोख्तासिन अकांना सांगितलं तर मांडीवर थाप मारून हसले. 'शिकलेल्या माणसाचं डोकं, बाबा! आमच्यापेक्षा वाईट.' एकच अट घातली — चहापलीकडे त्याच्याशी एक शब्द बोलायचा नाही. मी हो म्हणालो.

बायकोची कल्पना माझी म्हणून खपवली, हेही लिहून ठेवतो.

२६ सप्टेंबर

आला. साठीचा असेल, वाकलेला, मिशा पांढऱ्या, बोटांना लाल रंग. ओढ्यावर बसायला टाकलेल्या लाकडी तख्तांपैकी कडेच्या तख्तावर बसला, पाय पाण्यात सोडले. आजूबाजूच्या तख्तांवरची बोलणी थांबली.

मी चहा तीनदा प्याल्यात ओतून तीनदा चहादाणीत परतवला, नेहमीसारखा. मग भरला. इतका की चहा काठाच्या वर फुगून थरथरला. ओढ्याचा आवाज एकदम मोठा झाला असं वाटलं.

त्याने प्याल्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. छातीवर हात ठेवून वाकला. ओठ खाली नेऊन पहिला घोट घेतला, थेंबही न सांडता. सगळा प्यायला, डोळे मिटून. त्याची भाषा आम्हाला अर्धी कळते. म्हणाला, 'तुमच्या हाताला बरकत असो.' आणि प्याला पुढे केला.

मागून कुणीतरी म्हणालं, 'लाज विकून खाल्लीय.'

मी दुसरा भरला.

२७ सप्टेंबर

आज चार प्याले. चारही काठोकाठ. चारही वेळा छातीवर हात.

२९ सप्टेंबर

अक्रोड झडू लागले. अर्धं गाव वर तंबूत राहायला गेलंय. मीही चहाखाना मुहाय्योवर सोडून आमच्या वाट्याच्या झाडांखाली गेलो. चौदा झाडं. हिरव्या सालीने बोटं काळी झाली आहेत, वहीला डाग पडतायत.

अक्रोडाखाली झोपू नये म्हणतात, हवा जड असते, माणूस परत येत नाही. पंधरा वर्षं मी वर्गात सांगितलं की ही अंधश्रद्धा. आज दुपारी झोपलो. स्वप्नात झाडं चहाखान्यात येऊन बसली होती, मांडी घालून, मुळं पोटाशी ओढून. सगळ्यांनी प्याले पुढे केलेले. मी चहादाणी घेऊन उभा आणि कुणाला किती ओतायचा तेच विसरलो. कुणी रागावलं नाही. नुसती सळसळली. वाट बघत राहिली. जागा झालो तेव्हा छातीवर तीन अक्रोड पडलेले होते आणि ऊन पलीकडच्या उतारावर गेलं होतं. किती वेळ गेला कळेना. हा दिवस कालचा की आजचा, तेही क्षणभर कळेना.

१ ऑक्टोबर

आज खाली चहाखान्यात आलो. मुहाय्योने तुर्काच्या प्याल्याशेजारी एक नान ठेवला. मी ओढ्याकडे बघत उभा राहिलो. न बघणं म्हणजे संमती की विरोध?

संध्याकाळी तोख्तासिन अका आले. 'तुर्काला नान मिळाला म्हणे.'

'तख्तावर पडला असेल कुणाचा तरी,' मुहाय्यो म्हणाली.

'गरम?'

'उन्हात होता, अका.'

अका मिशीत हसले, पण उठताना मला म्हणाले, 'मास्तर, झाडं परत येत नाहीत.' खरं आहे.

तुर्क आज मला म्हणाला, 'ओशमध्ये सगळे मला तळाला चहा ओततात. चिमणीला दिल्यासारखा. तुमच्या हाताला मन आहे.'

मी चहादाणी उचलून आत आलो. बोलायचं नाही, तसं ठरलंय.

मुहाय्यो म्हणते, 'त्याला कळलेलंच नाही. त्यांच्याकडे पेला भरूनच देत असतील. सांगून टाक.'

काय सांगू? की बाबा, गेले सहा दिवस मी तुला हाकलतोय?

नकार ज्याला द्यायचा त्याला तो पोचलाच नाही तर तो कुणासाठी? आमच्यासाठी. शेजारच्या तख्तावरच्या लोकांसाठी. आम्ही एकमेकांना दाखवतोय की आम्ही विरोध करतोय. त्यालाही किंमत असेल. नसेल. माहीत नाही.

५ ऑक्टोबर

कडी दिसली. छातीच्या उंचीवर, बुंध्याभोवती पूर्ण फिरवलेलं लाल कडं. धुक्यात दुरून पाहिलं तर झाडांनी कमरेला पट्टे बांधलेत असं वाटतं. प्रत्येकाच्या वाट्यात दोन, कुठे तीन.

माझ्या वाट्यात अकरा. चौदांपैकी अकरा.

मी खाली बसलो. टोपलीतले अक्रोड सांडले ते तसेच राहिले.

तोख्तासिन अका बघायला आले. एकेका कड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाले, 'काठोकाठ प्याल्याचा अर्थ कळला त्याला. त्याचा ड्रायव्हर आपल्यातलाच, त्याने फोडलं असेल. सूड घेतला.' मला जवळ ओढलं. 'गावासाठी तुम्ही मार खाल्लात, मास्तर.' संध्याकाळपर्यंत तीन घरांतून आमच्याकडे पुलाव आला. खरं लिहायचं तर — बरं वाटलं. झाडांचं दुःख होतंच. पण बरंही वाटलं.

एक गोष्ट मात्र खटकते. त्याने कडी केलीत ती झाडं सरळ, भरल्या वयाची, फळांनी लगडलेली. एकाच्याही बुंध्यावर गाठ नाही. गाठीवाली तिन्ही म्हातारी त्याने तशीच सोडली. कंपनीला बिनगाठीच्या लाकडाचं काय काम? सूडच असणार. सूड घेणारा चांगलंच झाड निवडतो.

६ ऑक्टोबर

विचारायला गेलो होतो. तो जीपमध्ये बसून काही लिहीत होता. मला पाहून हात हलवला, हसला. माझ्या हातात बादली होती. पाणी आणायला आलोय असं दाखवून मी पुढे ओढ्यावर गेलो.

वर दोन तंबूंतून लोक बघत होते.

७ ऑक्टोबर

काम संपलं म्हणून निरोप घ्यायला आला. मी प्याला भरला, भरतच राहिलो. चहा त्याच्या बोटांवरून ओघळला. भाजलं असणार. तो हसला, बोटं झटकली, सगळा प्यायला.

'झाडं बघितलीत?' त्याने विचारलं.

'बघितली,' मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत थांबला. मी काहीतरी बोलेन अशी वाट बघत होता. मी चहादाणीचं झाकण पुसलं. मग त्याने टोपी उचलली, छातीवर हात ठेवला आणि गेला.

रात्र झाली, डोळे मिटले तरी तो तसाच थांबलेला दिसतोय.

१० ऑक्टोबर

सगळं गाव वर होतं. बायका, म्हातारे, लंगडा इमामसुद्धा खेचरावर बसून. कुणाकडे सुरी, कुणाकडे तारेचा ब्रश, कुणाकडे घोड्याचा खरारा. कंपनी खुणांवरून झाडं तोडते. खुणाच राहिल्या नाहीत तर करवत कुठे लावणार?

सरकारी ठेक्याच्या खुणा पुसणं गुन्हा आहे. मला माहीत आहे. माझ्या पहिल्या झाडाशी मी तेवढा विचार करण्यापुरता थांबलो. मग खरवडायला लागलो.

धुकं दुपारपर्यंत विरलं नाही. शेजारचा माणूस दिसायचा नाही, नुसता ब्रशचा आवाज, खर्र-खर्र, सगळ्या उतारावरून, जंगल स्वतःलाच खाजवतंय असा. मधेच कुणीतरी गायला सुरुवात करायचं, धुक्यातून दुसरं कुणीतरी ओळ पुरी करायचं. मुहाय्यो माझ्या मागे राख आणि ओली माती थापत येत होती. आमची काळी बोटं लाल झाली. आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. वाटलं, आपण झोपेतच चालतोय आणि कुणी उठवू नये.

अडतीस झाडं. तोख्तासिन अका सगळीकडे फिरून आले. 'असं पुसलंय की कडं कुठल्या झाडाला होतं ते मालकालाही सांगता येणार नाही!'

१२ ऑक्टोबर

कुणी आलं नाही. अक्रोड वाळत घातले. ऊन छान.

१४ ऑक्टोबर

करवतवाले आले. मुकादम इथल्या जवळच्या जलालाबादचा, आमचीच भाषा बोलणारा. मी त्याचा प्याला काठोकाठ भरला. त्याने बोटानेच बाजूला सरकवला; त्याला अर्थ बरोबर कळला. म्हणाला, 'रागावू नका, मास्तर. आम्ही हुकमाचे ताबेदार. लाल कडं असेल ते झाड सोडायचं, बाकी पाडायचं, एवढं आम्हाला माहीत. कंपनी एकही ठेवायला तयार नव्हती. तुर्काने भांडून प्रत्येकाची दोन-तीन वाचवली, चहावाल्याची अकरा. भरून चहा देतो म्हणाला. पण सकाळपासून वर हिंडतोय, एक कडं दिसेल तर शपथ. आता बाकीच्यांची कुठली ते कोण सांगणार? जो तो आपलंच चांगलं झाड दाखवेल. तुमचा अकराचा आकडा मात्र पक्का; तेवढी चला, दाखवा.'

शेजारच्याच तख्तावर तोख्तासिन अका बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं.