तिसऱ्या झाडाचा तुरा

४ ऑक्टोबर
पोचलो एकदाचा! लुशामावशीने दारातच फर्मावलं की आधी बिटाचं गरम बोर्श खा, झाडं कुठे पळून जात नाहीत. मी दोन वाडगे चापले. वास्याकाका खिडकीशी रजईत बसून हसत होते. रक्ताचा कर्करोग, औषधांनी अंगात काही ठेवलेलं नाही. गांज्याची वाफ ओढली तरच चार घास पोटात टिकतात. सत्तर वर्षं विडीला शिवलो नाही रे फेद्या, आता वर जाऊन बापजाद्यांना काय तोंड दाखवू, असं मलाच विचारत होते. आमच्या दुखोबोर पंथात विडी म्हणजे पापच.

तळघरात गांज्याची बारा झाडं, काकांच्या औषधापुरती, सरकारी परवान्याची. फुलोऱ्याचा सातवा आठवडा, मनगटाएवढे तुरे, चिकाने नुसते थबथबलेले. वीस वर्षं मी हेच करतो आहे. मावशीला म्हणालो, आता तळघराचा घोर सोड. तिने ना कागद काढला ना सही मागितली. आमच्यात शपथ घेत नाहीत, शब्दावर भागतं. काही बिघडलं तर त्याच दिवशी सांगेन, असा शब्द मी दिला.

७ ऑक्टोबर
बस्तान बसलं. दिवे रात्री नऊला लागतात, सकाळी नऊला विझतात. दिवसा झाडांना मिट्ट काळोख लागतो. पांढरा उजेड पडला की ती बिथरतात, म्हणून कपाळाला हिरवा दिवा बांधून आत जायचं. खत बंद केलं, आता नुसतं पाणी. भिंगातून चिकाचे दाणे दुधाळ दिसतात, तांबूस व्हायला दहा-बारा दिवस लागतील.

कटकट एकच. हवेतली ओल ओढणारं यंत्र माझ्या खोलीच्या भिंतीला लागून आहे आणि जुन्या ट्रॅक्टरसारखं धडधडतं. रात्रभर झाडांपाशी राबायचं आणि दिवसा डोळ्याला डोळा नाही. आज तासभरच म्हणून बंद केलं. उठलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. छान झोप लागली. उद्याही तसंच करीन.

११ ऑक्टोबर
तिसऱ्या झाडाच्या मोठ्या तुऱ्यात एक पान सुकलेलं दिसलं. ओढलं तर अलगद हातात आलं. तुरा उकलला. आत राखाडी लव.

काळोखात ओल साचली की बुरशी धरते, हे काल शिकायला लागलेल्यालाही ठाऊक असतं. माझ्या झोपेने केलं हे. अशा वेळी अख्खं झाड पिशवीत बांधून बाहेर न्यायचं आणि घरच्यांना सांगायचं. मी कात्रीने सडका भाग काढला आणि यंत्र चालू केलं. वर मावशी काकांना भरवताना गुणगुणत होती. 'तळघराचा घोर सोड' ही माझीच फुशारकी माझ्या कानात वाजत होती. लाज वाटली. वर न जाता कात्री पुसून ठेवली.

१५ ऑक्टोबर
काकांचं जुनं संपलं, म्हणून मावशीने परवा एखादा तुरा आधी काढून देशील का, असं विचारलं होतं. पिकायला आलेलं तेवढं तिसरंच झाड होतं. नाही म्हटलं तर का ते सांगावं लागलं असतं. त्याच तुऱ्याचा चांगला दिसणारा भाग वाळवून आज काकांच्या हातात दिला. मावशी कमरेतून वाकली, समोरच्यातल्या देवाला वाकायची आमची रीत आहे तशी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१८ ऑक्टोबर
काकांना ताप, खोकला. सकाळी इस्पितळात नेलं. मावशीही तिकडेच.

दुपारी झाडांच्या खोलीतून खोकला ऐकू आला. दोन आखूड, एक लांब. काकांचाच. घरात माझ्याशिवाय कोणी नाही.

१९ ऑक्टोबर
घरच्या तारेच्या फोनवर मावशी. काकांच्या छातीत बुरशी गेली असावी, असं डॉक्टरला वाटतं. झाडांवर दिसली असेल तर आत्ताच सांगा, लगेच त्यावरचं औषध सुरू करतो, म्हणतो.

मी म्हणालो, सगळं स्वच्छ आहे.

मग ती डॉक्टरला सांगताना ऐकलं: फेद्याने शब्द दिलाय, झाडांवर काही नाही.

२० ऑक्टोबर
आता बारा जागांहून खोकला. हिरवा दिवा लावून आत गेलो. पंखे बंद केले. तरी तुरे हलत होते — फुगत, बसत, फुगत, बसत. सगळ्यांवर लव. एक कापला. राखाडी धुरळा उडाला, थेट माझ्या नाकातोंडात —

२१ ऑक्टोबर, सकाळ
सांगायचंच ठरवलं. इस्पितळात फोन लावला. मावशी फोनवर आली. तोंड उघडलं — शब्द फुटेना. नुसता खोकला. दोन आखूड, एक लांब.

ती हळूच म्हणाली, वास्या, तू? अरे, पण तू तर इथे माझ्यासमोर झोपलायस —

मी फोन ठेवला.

२१, दुपार
आवाज गेलाय. लिहून शेजारच्यांकडे पोचवतो. घरच्या फोनवर बोलता येत नाही, आणि खोऱ्यात मोबाइलला रेंज नाही, मेसेजही जात नाही. छातीत काहीतरी फुगतंय, माझ्या श्वासाने नाही —

लुशामावशी, डॉक्टरला सांग, बुरशी होती. मला ठाऊक नव्ह

नाही. खोटं. ठाऊक होतं. अकरा तारखेपासून. काकांच्या हातात तो तुरा मी —