तुझ्या खोलीत लाईट नाही

दादा,

टूरवरून आल्यावर तुझ्या खोलीतली बटणं दाबत बसू नकोस. लाईट येणार नाही. मेणबत्ती टेबलावर ठेवली आहे, काडेपेटी तुझी तू शोध.

मागच्या मंगळवारी स्वयंपाकघरातल्या बटणातून जाळ निघाला आणि आईचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. तुला फोन केला तर म्हणालास, "ओल्या हाताने बटण कशाला लावलं?" फोन स्पीकरवर होता. आईने ऐकलं.

अख्ख्या घराची वायर सडली आहे, असं वायरमनने दोनदा बजावलं होतं. तू त्याच्या एस्टिमेटमधून स्वयंपाकघर आणि आईची खोली खोडलीस आणि त्यात स्वतःच्या खोलीसाठी एसीची लाईन लिहिलीस. मी तोच कागद घेतला, तू खोडलेलं परत लिहिलं आणि फक्त तुझी खोली खोडली. बाकी घर चार दिवसांत नवं झालं. जुनी वायर नव्या बोर्डाला जोडली तर आग लागेल, असं वायरमन म्हणाला, म्हणून तुझी लाईन त्याने कापून टाकली.

पैसे आईचे. तुझ्या गाडीसाठी ठेवलेली एफडी तिने मोडली. हाताला पट्टी, सही करता येईना, म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला. बाहेर आल्यावर मला म्हणाली, "अंगठा दिला बँकेला, दाखवला तुझ्या दादाला."

आम्ही मावशीकडे आहोत. आईला फोन करू नकोस, तिला तुझ्याशी बोलायचं नाही. दर वेळी मी मध्ये पडून तुमचं जुळवते. या वेळी पडणार नाही.

धाकटी