कैलासला गांडुळं दाखवल्याबद्दल

बोरगाव मेघे, वर्धा
१२ मे

प्रिय बबनराव भाऊजींस सप्रेम नमस्कार,

कैलासने वावर परत घेतलं, म्हणून हे पत्र. एरवी लिहिलं नसतं. गुडघा कसा आहे? उन्हामुळे तुम्ही मॉलमध्ये फिरायला जाता असं तुमच्या सरिताकडून कळलं. फिरत राहा.

कैलास म्हणजे तळेगावात आपल्या वावराला लागून ज्याचं वावर आहे तो. त्याचा गोट्यांनी भरलेला पडीत तुकडा मी तीन वर्षांपूर्वी अन्नपूर्णाबाई आणि आणखी तीन भूमिहीन घरांना कसायला मिळवून दिला, तोंडी बोलीवर. (कागद म्हटला की शेतमालकाला कूळ लागल्याची स्वप्नं पडतात. तुम्हालाही पडतात.) त्या घरांनी गोटे वेचले, बांध घातले, डोक्यावरून शेणखत वाहिलं, रासायनिक खताचा दाणा टाकला नाही. यंदाची तूर पाहायला रस्त्यावरचे लोक थांबत.

मग मी शहाणपणा केला. आणखी घरांना जमीन मिळावी म्हणून गावातल्या मालकांना त्याच वावरात बोलावलं, चहा-चिवडा दिला आणि माझी जुनी बी.एस्सी. बाहेर काढून मातीवर भाषण ठोकलं. स्वतः फावडं मारून गांडुळं दाखवली. ढेकूळ हातोहात फिरवून वास घ्यायला लावला. सगळ्यांनी घेतला, कैलासने जरा जास्त वेळ घेतला. दुसऱ्या दिवशी त्याचा निरोप आला की या हंगामापासून तो स्वतः पेरणार. बाकीचे मालक मात्र उदार निघाले. आमचंही पडीत न्या, सुधारा आणि तीन वर्षांनी परत करा, असं प्रत्येकाने घरी येऊन सांगितलं. (एकाने गोटे वेगळे रचून ठेवायला सांगितले, घराच्या पायव्यात लागतील म्हणून.)

कैलासला समजवायला गेले. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं, पाया पडला आणि म्हणाला, "बाई, तुमीच तं सांगतलं, अशी माती कुठी भेटत नाई. मंग मी काऊन सोडू?"

तिथून अन्नपूर्णाबाईंकडे गेले. त्या बियाणं निवडत होत्या. वर न पाहता म्हणाल्या, "बाई, तुमी त्याले गांडुळं काऊन दाखवले?"

चार घरांचं बियाणं तयार आहे, मृग तोंडावर आहे आणि पेरायला हातभर जमीन नाही. मी यापुढे या कामात पडणार नाही. कोणाचं भलं होत नाही.

तुमची,
सुलोचना वहिनी

ता. क. आपल्या सामाईक वावरात सहा वर्षं नुसत्या बाभळी माजल्या आहेत. ते या घरांना दहा वर्षांच्या लेखी करारावर द्यायचं आहे. हे गेल्यापासून सातबाऱ्यावर आपली दोनच नावं आहेत. एकाची सही झाली आहे.

पुन्हा ता. क. (१५ मे) विचार करून कळवतो, असं लिहू नका. काल ताबा दिला. अन्नपूर्णाबाईंनी एवढंच विचारलं, "हे बी तीनच सालं काय?" या वेळी मी भाषण केलं नाही. नोंद करून ठेवते:

सोपवलं: वावर, बाभळींसह. विहीर, गाळासह. फाटकाची किल्ली (कुलूप सापडलं नाही). करार, दहा वर्षांचा, एका सहीचा.