ग्रंथपाल, एवढंच नाव

४ जानेवारी
सचिव म्हणाले, कायम व्हायचं असेल तर मार्चअखेरपर्यंत बाहेरच्या दोन जाणत्या ग्रंथपालांची शिफारसपत्रं आणा. कमिटीला कळू दे, तुम्हाला कोणी ओळखतं तरी का. नाही तर ३१ला काम संपलं. मला कोणी ओळखत नाही हे खरं. पण ते आजपर्यंत. उद्यापासून नेटवर्किंग.

६ जानेवारी
(काल डोकं दुखत होतं.) व्यावसायिकांच्या त्या साइटवर वाचनालयाचं खातं आहेच! कॉम्प्युटर लावला की आपोआप उघडतं. नाव फक्त 'ग्रंथपाल', फोटोत पुस्तकांचं कपाट. माझ्या आधीच्या बाईंचं असणार. बाई दीड वर्षापूर्वी वारल्या, म्हणजे आता ग्रंथपाल मीच. शिवाय बाबांनी लहानपणापासून बजावलंय, स्वतःचं नाव पुढे पुढे करू नये. खातं जणू माझ्यासाठीच बनलंय.
बाईंची शाल अजून खुर्चीच्या पाठीवर आहे. हलवावी का? विचारू कोणाला?

९ जानेवारी
ओल लागून चिकटलेली पानं कशी सोडवावीत यावर चार ओळी टाकल्या. खाली नाव घातलं नाही. दुपारपर्यंत उत्तरांचा पाऊस. 'किती दिवसांनी!' 'कुठे होतात?' आई म्हणाली, अगं, अनोळखी माणसं इतक्या मायेनं बोलतात होय? आईला प्रोफेशनल जग माहीत नाही.

१७ जानेवारी
एका कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल रोज लिहितात. मी त्यांना सर म्हणते. आता लांब, लेकाकडे राहतात. आज विचारलं, गुडघे काय म्हणतात? विचार केला. बरे आहेत, कळवलं. शिडी चढून चढून आपल्या क्षेत्रात गुडघे जातात, हे त्यांना आठवलं. काय ही आस्था!

२ फेब्रुवारी
सर लिहितात, तुमची वाक्यं अगदी पूर्वीसारखी. पूर्वी म्हणजे जानेवारीत.
या खुर्चीत मानेला गार लागतं. शाल पांघरली, फक्त थंडीपुरती. शिपाईमामा गठ्ठा घेऊन आले आणि तो दारातच त्यांच्या हातून पडला. म्हणाले, पाठमोऱ्या बघून धस्स झालं हो ताई. पॅसेजमध्ये दिवा लावून घ्या म्हटलं.

१० फेब्रुवारी
कालपासून गुडघे दुखतायत. शिडीमुळेच.

२० फेब्रुवारी
धीर करून सरांकडे शिफारस मागितली. म्हणाले, तुमच्याकडे शिफारस मागायची कोणाची टाप आहे! पण दिली. त्यांच्या एका मित्रानंही दिली. 'तीस वर्षांची निष्ठा' वाचून डोळे भरून आले. मला दीडच झालंय. कौतुकात आकडा थोडा वाढतोच. दुरुस्त करा म्हणणं उद्धटपणाचं दिसेल. पत्रं सचिवांकडे दिली.

८ मार्च
ग्रंथपालांचं संमेलन. बिल्ल्यावर 'ग्रंथपाल' आणि वाचनालयाचं नाव. स्वतःच्या नावाची जागा मोकळी ठेवली. चहाच्या टेबलापाशी काठी टेकत एक वाळकेसे गृहस्थ आले, बिल्ला वाचून हसले आणि माझ्या मागे पाहू लागले. बाई कुठायत? त्यांच्या गुडघ्यांसाठी तेल आणलंय.
मागे कोणी नव्हतं, तरी मीही वळून पाहिलं.
हेच सर! मग सगळं एकदम लख्ख कळलं. सांगायला तोंड उघडलं. म्हटलं, त्यांना आज जमलं नाही.
हे खोटं नाही. जमलं नव्हतंच.
सर म्हणाले, हट्टी आहेत तुमच्या बाई. सांगा, यंदाचाही चहा राहिला. बाटली माझ्या हातात दिली.
पत्रांत नाव असं कुठे आहे? 'ग्रंथपाल' एवढंच. म्हणजे माझीच.

११ मार्च
तेल लावलं का, सर विचारतात. लावलं, आणि खरंच उतार आहे. तसं कळवलं. उद्या सगळं सांगायचं. नक्की.

१२ मार्च
आज सरांना ताप. तापात असं सांगू नये.

२३ मार्च
ताप उतरला. अशक्तपणा आहे म्हणतात.

३१ मार्च
सचिवांनी विचारलं, तीस वर्षं? तुमचं वय काय? ही बाईंची पत्रं आहेत. पण कमिटी गहिवरली म्हणाले. वाचनकक्षात बाईंचा फोटो लावायचा ठराव एकमतानं झाला. माझं काम आज पाचला संपलं.
कॉम्प्युटर बंद करायच्या आधी सरांना लिहिलं, बाई गेल्या. दीड वर्ष झालं. मला सांगवलं नाही.
शाल पांघरलेली होती, ती घडी करून होती तशी पाठीवर ठेवली. मग उत्तर आलं. मग इतके दिवस माझ्याशी कोण बोलत होतं?
माझं नाव टाइप केलं. नुसतंच फार उघडं दिसायला लागलं. आमची रीतसर ओळखही झालेली नाही. खोडलं. लिहिलं, 'ग्रंथपाल.'
पाठवल्यावर घड्याळ पाहिलं. सव्वापाच झाले होते.