सुतळीचं माप

परतवाडा, ३ नोव्हेंबर १९५८
आलो एकदाचे! शब्दकोशाच्या कामासाठी वऱ्हाड मिळालं म्हणून पुण्याचे मित्र हळहळले. मी मात्र खूश. घर सागवानाच्या वखारीमागे, शेजारी देवराव सुतार. लग्नाच्या संदुका आणि ख्रिस्ती मयतांच्या पेट्या, दोन्ही तेच करतात. मला तर घबाडच मिळालं! पेटी संस्कृत पेटिकेची, संदूक अरबीतून आली. ताबूतही अरबी, साध्या पेटीलाही तोच शब्द, मयताच्याही तोच. इंग्रजांचं कॉफिन तर मूळची ग्रीक टोपली. घरातली वस्तू मसणात कशी पोचते, ते शोधायचं आहे. शकुन म्हणाली, अहो, आधी चुलीला जागा शोधा.

७ नोव्हेंबर
देवरावांनी रीत सांगितली. संदुकीचं माप गजाने, मयताचं सुतळीने. ती सुतळी मयतासोबतच पुरतात. नोंदीसाठी करून दाखवा म्हटलं, तर उठूनच गेले. जित्या माणसाले सुतळी लावू नका, साहेब, म्हणाले. घेतलेलं माप रिकामं राहत नाही. मला हसू आलं. घरी शकुनला चटईवर आडवी करून मीच सुतळीने डोक्यापासून टाचेपर्यंत माप घेतलं. तीही खूप हसली.

११ नोव्हेंबर
शकुनला ताप. सुतळी चुलीत घातली. दुपारी तिच्या उशाशी होती, तशीच्या तशी. मला भीती वाटते आहे. देवराव म्हणाले, आता पेटी कराच लागते. कशानंही भरली तर बाई सुटली म्हणा.

१४ नोव्हेंबर
पेटी आली. ज्वारी भरली, दगड भरले, माझे शब्दांचे सगळे कागद भरले. झाकण लावून उघडलं की रिकामी. शकुन आता उठत नाही. डॉक्टरांना काही सापडत नाही.

१६ नोव्हेंबर
देवराव येत नाहीत. त्यांची बायको माणिकबाई दारातूनच सांगून गेली, पेटीले माणूसच पायजे, भाऊ.
मग मी का नको? माप मी घेतलं. शकुनला बोललो नाही —

१७, दुपार
पेटीत निजून लिहितो आहे. मी शकुनहून वीतभर उंच, तरी पाय मावले. शकुन उठून बसली! तोंडावर रंग आला — वाचली माझी शकुन —

कूस बदलता येते आहे. मघाशी येत नव्हती. शेजारी जागा होते आहे, शकुनच्या मापाची —

शकुन चालत येते आहे. डोळे मिटलेले. नको म्हणतो, ओरडतो, ऐकतच नाही — एक पाय आत — शकुन, माघारी जा, अगं —